दुभंगलेले पुणे : पक्षभेद, प्लेग आणि लोकविश्वासाचा ऱ्हास (इ. स. १८९५–१८९७)

इ. स. १८९७ च्या जून महिन्याच्या २२ तारखेस रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर वॉल्टर चार्ल्स रँड आणि लेफ्टनंट चार्ल्स आयर्स्ट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. या घटनेचा विचार सामान्यतः क्रांतिकारक चळवळीचा आरंभ म्हणून केला जातो आणि त्या दृष्टीने तिचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि त्या रात्रीच्या आधीची दोन वर्षे स्वतंत्र अभ्यासास पात्र आहेत. या दोन वर्षांत पुण्याचे सार्वजनिक जीवन दुभंगले, दुष्काळ पडला, प्लेग आला, आणि सरकार व प्रजा यांच्यामध्ये उभ्या असलेल्या संस्था एकामागून एक निकामी झाल्या. रँडचा खून हा या मालिकेचा परिणाम होता असे म्हणणे अतिव्याप्त ठरेल; परंतु खुनानंतर सरकारने जे केले आणि लोकांनी जे मानले, त्याचा उलगडा या मालिकेवाचून होत नाही.

सार्वजनिक सभेपासून आरंभ करणे इष्ट होय. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी असंतोष उत्पन्न झाला, त्यातून २ एप्रिल १८७० रोजी ही सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, हे तिचे प्राण. सभेच्या घटनेतील एक कलम आजही विचार करण्याजोगे आहे. निदान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणल्यावाचून कोणासही सभासद होता येत नसे. निवडणुका नसलेल्या काळात प्रतिनिधित्वाचा पुरावा कागदावर उभा करण्याचा हा प्रयत्न होता. ही सभा खऱ्या अर्थाने सार्वजनिक नाही, ती उच्चवर्णीयांची आहे, असा आक्षेप जोतीराव फुले यांनी घेतला होता, आणि सभासदांची यादी पाहता तो निराधार म्हणता येत नाही. असे असले तरी १८७६–७८ च्या दुष्काळात सभेने जे काम केले ते अपूर्व होते. तिने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळवली, पिके, पाणी, भाव, स्थलांतर यांचे वृत्तांत तयार करून सरकारकडे धाडले, आणि सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामांवरील मजुरी घटवली तेव्हा आकड्यांनिशी विरोध नोंदवला. या लेखनामागे महादेव गोविंद रानडे यांची बुद्धी होती हे सर्वश्रुत आहे.

त्या काळात सरकारचा सभेवर लोभ होता असे मात्र समजू नये. रानड्यांवर संशय होताच. त्यांची बदली प्रथम नाशिकास आणि पुढे धुळ्यास झाली, आणि वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या वेळी हा संशय अधिक गडद झाला. मुद्दा प्रेमाचा नव्हता, रिवाजाचा होता. सभेने अर्ज करावा, सरकारने तो घ्यावा, उत्तर द्यावे अगर नाकारावे, आणि दोन्ही पत्रे छापली जावीत, असा क्रम पडून गेला होता. परस्परांविषयी संशय असूनही हा क्रम चालू राहिला. एखादी वार्ता खरी की खोटी याची परीक्षा करण्याची एक जागा त्यामुळे शहरात होती.

ही जागा प्रथम आतून ढासळली. तिचा पूर्वेतिहास डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील भांडणात, टिळक व आगरकर यांच्या वियोगात, १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरील वादात आणि पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणात शोधावा लागतो. तो येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. इतकेच लक्षात घ्यावयाचे की, १८९० पूर्वी ज्या मंडळींत मतभेद होते परंतु पंगत एक होती, त्यांच्यात १८९५ पर्यंत पंगतही वेगळी झाली. रानडे १८९३ च्या अखेरीस उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होऊन मुंबईस गेले. दोन्ही बाजूंना ज्याचे ऐकावे लागे असा पुरुष पुण्यातून गेला, आणि त्याच सुमारास गणेशोत्सवाला आलेल्या सार्वजनिक रूपाने राजकारणाला एक नवा श्रोतृवर्ग मिळाला. जून १८९५ मध्ये आगरकर वारले. पुढच्याच महिन्यात, १४ जुलै १८९५ रोजी, सार्वजनिक सभेच्या व्यवस्थापक मंडळाच्या निवडणुकीत टिळकपक्षाने बहुमत मिळवले.

या घटनेचे वर्णन दोन्ही पक्षांच्या लेखकांनी आपापल्या सोयीने केले आहे. एका बाजूच्या मते लोकांनी आपली संस्था मूठभर सुधारकांच्या हातून परत घेतली. दुसऱ्या बाजूच्या मते एका पवित्र वास्तूत राडा घातला गेला. दोन्ही वर्णनांत एक गोष्ट राहून जाते. निवडणूक जिंकणाऱ्यांनी सभेचा नियमभंग केला नव्हता. आणि हरणाऱ्यांनीही, संस्थेत अल्पमतात राहून काम करता येते, हा पर्याय फारसा मनावर घेतला नाही. गोपाळ कृष्ण गोखले काही काळ चिटणीस म्हणून राहिले, पण ते राहणे नाममात्र ठरले. अखेर १८९६ च्या शरदात रानडे-गोखले पक्षाने ‘डेक्कन सभा’ ही निराळी संस्था काढली. एका शहरात आता दोन सभा झाल्या. दोन्हींचा दावा लोकांच्या वतीने बोलण्याचा होता, आणि दोन्हींच्या अर्जांकडे पाहताना सरकारला अर्जाचा मजकूर वाचण्यापूर्वी अर्जदाराचा पक्ष पाहण्याची सोय झाली.

मधल्या डिसेंबरात, १८९५ साली, राष्ट्रीय सभेचे अकरावे अधिवेशन सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यास भरले. राष्ट्रीय सभेच्या मंडपात सामाजिक परिषद भरवण्याचा काही वर्षांचा प्रघात होता. या वेळी त्याला तीव्र विरोध झाला, मंडप जाळण्याच्या धमक्या ऐकू आल्या, आणि अखेर रानड्यांनी माघार घेऊन परिषद अन्यत्र भरवली. माघार घेण्यात त्यांनी शहाणपणा दाखवला हे खरे. पण धमकी यशस्वी होते हा धडाही त्याच वेळी काही तरुणांनी घेतला. त्या तरुणांत चिंचवडचे दामोदर हरी चापेकर होते.

असे दुभंगलेले शहर असताना १८९६ चा पावसाळा दगा देऊन गेला. दुष्काळसंहिता सरकारने स्वतःच तयार केलेली होती. पीक एका मर्यादेखाली गेले तर सारा तहकूब अथवा माफ करावा, असे तिच्यातील तत्त्व होते. नव्या सार्वजनिक सभेने एक साधी पण परिणामकारक युक्ती योजली. संहितेतील तरतुदी मराठीत छापून तिने त्या खेड्यापाड्यांत वाटल्या आणि त्या समजावून सांगण्यास प्रतिनिधी पाठवले. १८७७ साली सभा सरकारला शेतकऱ्याची स्थिती सांगत होती. आता ती शेतकऱ्याला सरकारचा कायदा सांगू लागली. पत्रव्यवहाराची दिशा उलटली, आणि हाच फरक सरकारला सोसवला नाही. ज्याला देण्याची शक्ती आहे त्याने सारा बुडवू नये आणि ज्याला शक्ती नाही त्याने भांडी-गुरे विकून तो भरू नये, अशी टिळकांची भूमिका होती. महसूल खात्याने तिचा अर्थ ‘साराबंदी’ असा केला. ठाणे जिल्ह्यात प्रा. साठे यांच्यासारख्या प्रतिनिधींना अटक झाली. अखेर मार्च १८९७ मध्ये सरकारने ठराव केला की, सांप्रतच्या स्वरूपातील सार्वजनिक सभेस सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नांवर सरकारला लिहिण्याचा अधिकार यापुढे मानला जाणार नाही.

हा महिना विसरता कामा नये. सभेची मान्यता गेली तो मार्च महिना, आणि पुण्यात गोऱ्या सैनिकांनी घरोघर तपासणी सुरू केली तोही मार्च महिनाच.

प्लेगचे निदान मुंबईस सप्टेंबर १८९६ मध्ये झाले. मांडवी भागातील रोग्यांवर उपचार करणाऱ्या डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्यांनी तो ओळखला. शहरातून लोकांचे लोंढे बाहेर पडू लागले आणि रेल्वेने रोगही बाहेर गेला. मुंबईत त्या वेळी कोणत्या अफवा उठल्या हे पाहण्याजोगे आहे. ऑक्टोबरात राणीच्या पुतळ्यास डांबर फासले गेले होते. त्या अपमानाचा सूड म्हणून राणीने माणसांची काळजे मागितली आहेत, अशी एक वार्ता पसरली. इस्पितळात रोग्याच्या शरीरातून ‘मोमियाई’ काढतात, ही दुसरी. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. या अफवांना अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु त्यांच्या पोटी एक अनुभव होता: इस्पितळात गेलेला माणूस क्वचितच परत येई, आणि त्याचे शेवटचे क्षण कुटुंबाला पाहू दिले जात नसत. जिथे डोळ्यांना प्रवेश नाही तिथे कल्पना शिरते. (राणीच्या पुतळ्याला डांबर फासणारे हात चापेकर बंधूंचे होते, ही गोष्ट पुढे उघड झाली. ज्यांनी ही अफवा अजाणता जन्माला घातली, त्यांनीच पुढे दुसऱ्या एका वार्तेवर विश्वास ठेवून पिस्तूल उचलले, हा योगायोग चमत्कारिक खरा.)

सरकारवरील दडपण केवळ स्थानिक नव्हते. हिंदुस्थानातील माल आणि उतारू आपल्या बंदरांत घेण्यास युरोपातील राष्ट्रे नाखूष होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. ४ फेब्रुवारी रोजी साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. घरांची झडती, रोग्यांचे स्थलांतर, संशयितांचे विलगीकरण आणि मालमत्तेचा नाश यांसाठी हव्या त्या उपायांची सत्ता त्याने सरकारला दिली, आणि या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही असेही त्यात घातले. पुण्यात खास प्लेग समिती नेमली गेली. रँड अध्यक्ष, कर्नल फिलिप्स आणि हाँगकाँगच्या साथीचा अनुभव असलेले डॉक्टर कॅप्टन बेव्हरिज हे सभासद. रँड साताऱ्याहून आले. साताऱ्यास असताना, १८९४ मध्ये, वाईच्या अकरा प्रतिष्ठित गृहस्थांना मशिदीजवळ वाद्ये वाजवल्याच्या प्रकरणात त्यांनी तुरुंगात धाडले होते. तेव्हा त्यांच्या आगमनापूर्वीच त्यांचा लौकिक पुण्यात पोचला होता. सरकारला या नेमणुकीत अनुचित काही दिसले नाही. ज्या सरकारपाशी शहराचे मत सांगणारा कोणीच विश्वासू राहिलेला नाही, त्याला ते दिसणे कठीणही होते.

तपासणीचे काम १३ मार्चपासून सुरू झाले आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालले. त्यासाठी गोऱ्या सैनिकांची योजना का केली, याचे समितीने दिलेले कारण मननीय आहे. एतद्देशीय नोकर लाच घेतील आणि रोगी लपवण्यास मदत करतील. गोरे शिपाई कसून आणि प्रामाणिकपणे काम करतील, असा तिचा विचार होता. म्हणजे अविश्वास हा केवळ प्रजेच्या बाजूचा नव्हता. सरकारने योजनेच्या पायातच तो घातला होता.

कामाची रीत अशी: एखाद्या पेठेचा भाग सैनिकांनी वेढावा, दारे उघडवावीत, उघडली नाहीत तर फोडावीत, प्रत्येक खोली पाहावी, आणि रोगी अथवा संशयित आढळल्यास त्यास इस्पितळात व त्याच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत न्यावे. मागे घराची जमीन खणून औषधे ओतावीत, भिंती चुन्याने रंगवाव्यात, अंथरुणे-पांघरुणे व निरुपयोगी वाटणारे सामान जाळावे. निरुपयोगी काय, हे सैनिकाने ठरवावयाचे. पुण्याच्या वाड्याची रचना ज्याला ठाऊक आहे त्याला या रीतीचा अर्थ लगेच कळेल. ओसरी परक्याची, माजघर घरच्यांचे, स्वयंपाकघर आणि देवघर सोवळ्याचे, अशी एकामागून एक बंदिस्त होत जाणारी ती रचना. परका पुरुष ओसरीपलीकडे येत नसे. आता बूट घातलेला शिपाई थेट देवघरात उभा राहू लागला. बगल आणि जांघ यांतील गाठी हे रोगाचे मुख्य लक्षण असल्यामुळे अंगतपासणी अपरिहार्य मानली गेली, आणि ती उघड्यावर झाल्याच्या तक्रारी आल्या. लेखी आदेशांत स्त्रियांविषयी आणि धर्मभावनांविषयी संयमाच्या सूचना होत्या. त्या सूचना बराकीतून पेठेपर्यंत कितपत पोचल्या, हा प्रश्न निराळा.

एक गोष्ट न्यायबुद्धीने नमूद केली पाहिजे. टिळकांनी प्लेगनिवारणाच्या तत्त्वाला विरोध केला नव्हता. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी कठोर टीका केली, स्वतः पुण्यात राहिले, आणि हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग इस्पितळ उघडण्यात पुढाकार घेतला. तपासणीच्या पथकाबरोबर स्थानिक गृहस्थांनी जावे असा त्यांचा आग्रह होता, पण जाणारे थोडे निघाले. उलट ‘सुधारक’ हे विरोधी पक्षाचे पत्र. सैनिकांच्या वर्तनावर त्याने केलेली टीका ‘केसरी’हून सौम्य नव्हती, काही वेळा ती अधिक प्रखर होती. याचा अर्थ असा की, तक्रारीच्या मुद्द्यावर पुण्यातील दोन्ही पक्ष एक होते. एक नव्हती ती तक्रार नेण्याची वाट. डेक्कन सभेने लिहावे तर ती अल्पसंख्याकांची संस्था म्हणून लोकांत हलकी. सार्वजनिक सभेने लिहावे तर तिचे पत्र उघडण्यास सरकार बांधलेले नाही. दोन्ही सभांनी एकत्र अर्ज करावा, एकत्र साक्षी घ्याव्यात, हे कोणास सुचले नसेल असे नाही. परंतु दोन वर्षांच्या कटुतेने ते अशक्य करून ठेवले होते.

याच वेळी पेठांच्या बाहेर निराळे पुणे होते, याचा उल्लेख या विषयावरील लेखनात बहुधा सुटतो. सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात शहराबाहेर प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. तीतच त्यांना रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. सैनिकी तपासणी सुरू होण्यास तेव्हा तीन दिवस उरले होते. सरकारी इस्पितळ आणि घरात रोगी लपवणे यांखेरीज तिसरा मार्ग होता, आणि तो पक्षोपपक्षांच्या वृत्तपत्री जगाच्या कडेला, त्या जगाच्या फारसा ध्यानात न येता, चालू होता.

रँड यांच्या समितीच्या अहवालात एक विधान आहे. स्त्रीच्या विनयाचा हेतुपुरस्सर भंग झाल्याची विश्वसनीय तक्रार समितीकडे अथवा सैनिकांवरील अधिकाऱ्यांकडे आली नाही, याबद्दल त्यात समाधान व्यक्त केले आहे. हे विधान खोटे असावे असे मानण्याचे कारण नाही. तक्रार आली नसेल. ज्या कुटुंबात असा प्रसंग घडला असेल त्याने, अब्रूची भीती बाजूला ठेवून, ज्या खात्याच्या माणसाने तो केला त्याच खात्यापुढे जाऊन नावानिशी सांगावे, अशी अपेक्षा त्या समाधानामागे गृहीत आहे. तक्रारीचा अभाव हा अन्यायाच्या अभावाचा पुरावा समजला गेला. तो विश्वासाच्या अभावाचाही पुरावा असू शकतो, हा विचार अहवाललेखकास शिवला नाही. त्याचबरोबर हेही म्हटले पाहिजे की, तक्रार दाबली गेली एवढ्यावरून प्रत्येक वार्ता खरी ठरत नाही. इतिहासाच्या अभ्यासकापुढे येथे एक न भरून येणारी पोकळी आहे. तपासणीच्या काळात नेमके काय घडले याचे निःपक्षपाती दप्तर तयारच झाले नाही, कारण ते तयार करू शकणारी संस्था उरली नव्हती.

या पोकळीत गोखले सापडले. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते मार्च १८९७ मध्ये इंग्लंडास गेले होते. आयोगापुढची त्यांची साक्ष आकड्यांच्या प्रभुत्वामुळे गाजली. पुण्याहून त्यांना मित्रांची पत्रे येत होती. पंडिता रमाबाईंनी प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या स्थितीविषयी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात लिहिलेला मजकूरही त्यांच्या पाहण्यात आला. रँडवरील हल्ल्यानंतर इंग्लंडातील वृत्तपत्रे पुण्यावर तुटून पडली तेव्हा गोखल्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’च्या प्रतिनिधीस मुलाखत दिली. सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांपैकी एकीने पुढे आत्महत्या केली, असे आपणास कळले असल्याचे त्यांनी तीत सांगितले. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. मुंबई सरकारने साफ इन्कार केला आणि पुरावा मागितला.

गोखले ३० जुलै रोजी मुंबईस उतरले. तीन दिवसांपूर्वी टिळकांना अटक झाली होती. त्यापाठोपाठ नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनाखाली, कोणताही खटला न चालवता, स्थानबद्ध केले होते. तपासणीतील गैरप्रकारांविषयी अधिकाऱ्यांकडे गाऱ्हाणी नेणाऱ्यांत नातू होते, हे शहरात सर्वांस ठाऊक होते. अशा दिवसांत ज्यांनी गोखल्यांना पत्रे लिहिली त्यांनी आपले नाव सांगू देण्यास नकार दिला तर त्यात नवल नाही. आणि त्यांची नावे उघड करणे गोखल्यांच्या स्वभावात नव्हते. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी बिनशर्त माफी प्रसिद्ध केली. गव्हर्नर, प्लेग समिती आणि सैनिक यांची त्यांनी तीत क्षमा मागितली.

या माफीची चर्चा बहुधा शीलाच्या अंगाने होते: काहींना ती भीरुता वाटली, काहींना सत्यनिष्ठा. तिची दुसरी बाजू पद्धतीची आहे. रानड्यांच्या तालमीत वाढलेल्या या पुरुषाने आयुष्यभर आकड्याशिवाय विधान केले नाही. एकदाच त्याने खासगी पत्रांवर विसंबून जाहीर विधान केले, आणि ते त्याला सिद्ध करता आले नाही. वीस वर्षांपूर्वी हीच वार्ता सार्वजनिक सभेच्या दप्तरात गेली असती, प्रतिनिधीने त्या घरी जाऊन चौकशी केली असती, आणि मग ती सभेच्या नावाने, व्यक्तीच्या नव्हे, सरकारकडे गेली असती. व्यक्तीला जे ओझे पेलले नाही ते संस्थेने पेलले असते. टिळकपक्षाच्या गोटात माफीचा उपहास झाला. त्या उपहासात, सभा फोडण्यातील दोन्ही पक्षांचा वाटा कोणी आठवला नाही.

टिळकांवरील खटला ८ सप्टेंबर १८९७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात न्या. स्ट्रेची यांच्यापुढे सुरू झाला. आरोप १५ जूनच्या ‘केसरी’तील मजकुराबद्दल होता: शिवाजीच्या तोंडी घातलेली एक कविता आणि शिवाजी-उत्सवातील व्याख्यानांचा, त्यांत अफझलखानाच्या वधाच्या चर्चेचा, वृत्तांत. हा मजकूर हल्ल्याच्या एक आठवडा आधीचा. त्याचा आणि हल्ल्याचा संबंध असल्याचा आरोपपत्रात दावा नव्हता. पण न्यायालयाच्या हवेत दुसरे काही नव्हते. न्यायाधीशांनी ज्युरीला समजावताना अप्रीतीची व्याख्या अशी केली की, सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती. ज्युरीत सहा युरोपियन व तीन एतद्देशीय होते. मराठी मजकुराचा अर्थ ठरवावयाचा होता, आणि बहुसंख्य ज्युरर भाषांतरावर अवलंबून होते. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. ज्या समाजात निवाडा वर्णरेषेवर इतका बिनचूक फाटतो, तेथे निकालाचा अधिकार राहतो, प्रामाण्य राहत नाही. इस्लामपूरचे ‘प्रतोद’, वाईचे ‘मोदवृत्त’ यांवरही त्याच वर्षी खटले झाले. पुण्यावर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च नागरिकांवर लादला गेला. म्हणजे दंडाच्या बाबतीत तरी सरकारने दोन्ही पक्षांत भेद केला नाही.

शास्त्रीय दृष्ट्या या साऱ्या यातायातीचे फळ काय, हा प्रश्न टाळता येत नाही. प्लेगचा जंतू १८९४ साली येर्सिन यांनी हाँगकाँग येथे शोधला होता. परंतु तो उंदरावरील पिसवांमार्फत माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीस प्रयोगाने दाखवले आणि पुढील दशकात मुंबईतील संशोधनाने ते प्रस्थापित झाले. १८९७ मध्ये समिती घाण, हवा, कपडे आणि माणसाचा स्पर्श यांच्या मागे होती. खणलेल्या जमिनीतून उंदीर शेजारच्या घरात गेले असतील. उंदीर मरू लागले की घर सोडून रानात राहावयाचे, हा लोकांचा जुना उपाय अधिक सयुक्तिक होता, आणि अधिकारी त्यालाच पळपुटेपणा म्हणत होते. अर्थात हे ज्ञान मागाहूनचे आहे. त्या वेळच्या डॉक्टरांस ते नव्हते म्हणून त्यांना दोष देणे योग्य नव्हे. दोष निश्चितीचा आहे. ज्याविषयी स्वतःलाच नीट माहिती नाही त्या उपायांसाठी दारे फोडली गेली. १८९७ च्या उत्तरार्धात प्लेग पुण्यास परत आला. मार्च १८९८ मध्ये मुंबईस दंगल झाली, आणि त्यानंतर सरकारने सक्ती क्रमाने सैल केली: घरच्या घरी उपचार, जातवार इस्पितळे, स्थानिक पुढाऱ्यांचे साहाय्य आणि हाफकिन यांची ऐच्छिक लस. १८९७ च्या वसंतात जे मागितले जात होते तेच थोड्याफार फरकाने मिळाले. तोपर्यंत मागणाऱ्यांपैकी काही तुरुंगात होते.

शहरात एवढा मोठा कट आहे, आणि तो पुण्याच्या ब्राह्मण पुढाऱ्यांचा आहे, अशी सरकारची व मुंबईच्या इंग्रजी पत्रांची खात्री होती. वीस हजार रुपयांचे बक्षीस लागले. द्रविड बंधूंच्या माहितीवरून दामोदर चापेकर पकडले गेले. १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास त्यांना फाशी झाली. फेब्रुवारी १८९९ मध्ये द्रविड बंधू मारले गेले, आणि त्या मेमध्ये वासुदेव व बाळकृष्ण चापेकर आणि महादेव रानडे फासावर गेले. नातू बंधूंवर कोणताही आरोप कधीच ठेवला गेला नाही. १८९९ मध्ये ते सुटले.

दामोदर यांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त उपलब्ध आहे. कटाचा पुरावा म्हणून सरकारला ते फारसे उपयोगी पडले नाही, याचे कारण ते वाचताना कळते. त्यात इंग्रजांइतकाच सुधारकांविषयी द्वेष आहे. त्यांच्यावर केलेल्या मारहाणीची हकीकत अभिमानाने सांगितली आहे. राष्ट्रीय सभेची टवाळी आहे. टिळकांविषयीही शिष्याची भक्ती नाही. ते ना पुरे सुधारक, ना पुरे सनातनी, असा दामोदर यांचा शेरा आहे. कोणत्या सभेचे सभासदत्व त्यांनी घेतले नाही, कोणत्या अर्जावर सही केली नाही. सरकार ज्या पुढाऱ्यांच्या घरांत सूत्रधार शोधत होते, त्या पुढाऱ्यांपैकी एकाचाही शब्द या तरुणाला प्रमाण नव्हता.